एका सीटची गाडी

आमच्या घरात लोकांना नावं ठेवायला कुणाला शिकवावं लागलं नाही. बाबा एस्टीत कंडक्टर होते. दिवसभर माणसं कोंबायची, तिकिटं फाडायची, सुट्ट्यावरून भांडायचं आणि संध्याकाळी खाकी सदरा खुंटीला टांगला की त्या दिवशीच्या प्रवाशांचा एकेक करून पाणउतारा करायचा, हा त्यांचा नेम होता. "आज एक मास्तर भेटला, पोराचं वय पाच सांगून राहिला. पोराला मिसरूड फुटलेलं." आम्ही दोघं भावंडं पोट धरून हसायचो. हा गुण मी त्यांच्याकडून जसाच्या तसा उचलला. आता साठी ओलांडली, शाळेतून निवृत्त होऊन नांदेडला येऊन राहिले, गुडघे गेले, पण माणूस समोर आला की आधी त्यातली खोट दिसते, ती सवय काही गेली नाही. घरात एकटी माय अशी होती की तिला कुणाला हसायला जमायचंच नाही. आम्ही हसायला लागलो की ती हात थांबवून आमच्याकडं बघायची आणि म्हणायची, "झालं का? मग ताटं घ्या."

माय नर्स होती. मोठ्या दवाखान्यातली नव्हे, उपकेंद्रावरची नर्सबाई. कंधारपासून आत एका गावात तिचं उपकेंद्र होतं आणि त्याखाली पाच वाड्या आणि दोन तांडे. आमच्या शिक्षणासाठी आम्ही कंधारला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. शेजारी पिठाची गिरणी होती. सकाळी तिचा पट्टा फिरायला लागला की आमच्या फळीवरचे पेले थरथरायचे. त्याच वेळी मायचा रॉकेलचा स्टोव्ह फरफरत असायचा. त्याच्यावर आधी काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळायच्या आणि मग चहा. पातेल्यात सिरिंजा किणकिणायला लागल्या की आता उठावं, असं मी समजायची. घरात स्पिरिटचा आणि धपाट्यांचा वास एकत्रच असायचा, आणि अजूनही इंजेक्शन घेताना मला भूक लागते हे मी डॉक्टरांना सांगत नाही. धपाटे रोज व्हायचे, कारण ते दोन दिवस टिकतात. वाडीवर बाळंतपण करायला गेलेली बाई कधी परत येईल याचा काही भरवसा नसायचा.

बदली होऊन निघालेल्या एका विस्तार अधिकाऱ्याकडून मायनं जुनी मोटारसायकल घेतली ती या वाड्यांसाठी. तिथं एस्टी जात नव्हती, बैलगाडी वेळेवर मिळत नव्हती, आणि बाळंतपण काही कुणाची वाट बघत नाही. गाडी मायच्या नावावर होती. पण ती मायला चालवता येत नव्हती, आणि तिला शिकवावी असं त्या काळात कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. बाबांना गाडीचा तिटकारा होता. "जे काठी टेकवल्याबिगर उभं राहत न्हाई, ते माणसाला काय नेणार?" असं म्हणून ते तिच्याकडं पाठ करून दात घासायचे. म्हणून चालवायला मिलिंद. मिलिंद माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला दादा म्हणायची. मनात जे म्हणायची ते इथं लिहिण्याजोगं नाही. तो पुढं बसायचा आणि मागच्या लांब सीटवर माय, पांढऱ्या साडीत, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर तिची कातडी पेटी. त्या सीटचं रेक्झिन फाटलं होतं आणि मायनं त्यावर दवाखान्याच्या जुन्या चादरीची खोळ शिवली होती.

त्या वर्षी मिलिंद बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याला शुद्ध मराठीची बाधा झाली होती. वक्तृत्व स्पर्धेत त्याला कुठंतरी ढाल मिळाली आणि तेव्हापासून तो घरात 'न्हाई' म्हणेनासा झाला. 'मला क्षुधा नाही' असं तो एकदा जेवताना म्हणाला, तेव्हा बाबांनी भाकरी खाली ठेवून विचारलं, "ते काय आस्तं? दवाखान्यात दाखिव." इंग्रजी शब्द तर त्याला वर्ज्यच होते. सायकलला तो द्विचक्री म्हणे. हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्याचं हे खूळ इंजिनापर्यंत पोचलं.

झालं ते असं. चाकूरला माझे मामा राहत. तेलाच्या मिलवर तोलाईला होते. त्यांच्या मुलीसाठी स्थळं बघायची होती, गावोगाव फिरायचं होतं, म्हणून ते पंधरा दिवसांसाठी गाडी मागायला आले. भाऊ दारात आला की मायला नाही म्हणता येत नसे. पंधरा दिवस वाड्यांवर चालत जाईन म्हणाली. आता त्या जातीच्या गाडीत नुसतं पेट्रोल चालत नसे, दर वेळी त्यात मापानं ऑइल मिसळावं लागे. आमच्या भागात तेल म्हणजे जे कढईत पडतं किंवा डोक्याला लावतात ते. गाडीत पडतं ते 'आइल'. कधी शाळेचं तोंड न बघितलेला ट्रॅक्टरवालासुद्धा आइलच म्हणतो. पण आमचे वक्ते मामांना किल्ली देताना हात वर करून म्हणाले, "मामा, प्रत्येक वेळी टाकी भरल्यावर त्यात तेल मिसळायला विसरू नका हं."

"न्हाई इसरत," मामा म्हणाले. आणि खरंच विसरले नाहीत. तेलाच्या मिलवरच्या माणसाला तेल टाका म्हटल्यावर तो काय टाकणार? पंधरा दिवस ती गाडी मिलच्या ताज्या करडईच्या तेलावर फिरली. मामांनी ते वर फडक्यातून गाळूनही घेतलं, हे विशेष. जातील तिथं भज्यांचा घमघमाट सुटायचा. मुलाकडचे लोक आत काही तळत असतील असं मामांना वाटायचं आणि मामा काही घेऊन आले असतील असं त्यांना. सोळाव्या दिवशी लातूरच्या अलीकडं गाडी एक आचका देऊन थांबली ती थांबलीच. मामांनी लाथा मारून बघितल्या. एका टेम्पोत घालून ती लातूरच्या गॅरेजात नेली आणि मग कंधारला येऊन मायला सांगितलं, "आक्का, तेलात काही खोट न्हाई बरं का. मी घरात खातो तेच टाकलं."

मला त्या दोघांचा असा राग आला होता की मी मामांना चहासुद्धा दिला नाही. आज वाटतं, मामांना द्यायला हरकत नव्हती.

मिलिंद गाडी दुरुस्त करून आणतो म्हणून चाकूरला मामांकडं जाऊन राहिला. आठ दिवसांचं काम होतं, त्याला महिना लागला. दिवाळीच्या सुट्टीत मी चाकूरला गेले तेव्हा मामीनं डबा देऊन मला दोनदा लातूरला पाठवलं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं एक शेड आणि पुढं काळी झालेली जमीन. पहिल्या खेपेला करीम मिस्त्री खाली फतकल मारून बसले होते आणि त्यांच्यापुढं पोत्यावर आमची गाडी तुकड्या-तुकड्यांत मांडलेली होती. त्यांनी मला पिस्टन दाखवला. त्याच्यावर मधासारखा पिवळा चिकट थर बसला होता आणि रिंगा खाचेत अशा रुतल्या होत्या की नखानं हलत नव्हत्या. "देखो बहन," मिस्त्री म्हणाले, "ये करडी का तेल गरम होके गोंद बन जाता. दरवाजे कू रोगन लगाते ना, वैसा. क्या डाले जी तुम लोगां? इंजन में भजे तलने का था क्या?" सिलेंडर घासून मोठा करावा लागला, त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागला, बेअरिंगं बदलावी लागली, सायलेन्सर तर त्यांनी शेकोटीत घालून आतला गोंद जाळला. त्या माणसाच्या हाताला किंमत होती. ते सुटा भाग कानाशी नेऊन फिरवायचे, हसायचे किंवा तोंड वाकडं करायचे, आणि तेवढ्यात त्यांचा निकाल लागलेला असायचा. इंजिनाचं काम त्यांनी आठ दिवसांतच संपवलं होतं.

उरलेले बावीस दिवस मिलिंद गाडी सजवत होता. तिथं जवळच एक सलून होतं आणि त्याच्या भिंतीवर एक परदेशी कॅलेंडर. त्यात लांब केसांचा एक गोरा इसम बुटक्या गाडीवर रेलून बसलेला, हातात उंच शिंगांसारखं हँडल, पुढं सरळ रिकामा रस्ता. त्या रस्त्यावर ना बैल होता, ना शेळी, ना कुणाची आई. आमच्या या बहाद्दरानं ते चित्र बघितलं आणि त्याला वाटलं, आपलं आयुष्य हेच. सायकलच्या नळ्या वाकवून त्यानं उंच हँडल करून घेतलं. मागचं मडगार्ड करवतीनं अर्ध्यावर कापलं. लांब सीट काढून तिथं खोगिरासारखी एकच सीट बसवली. टाकीवर दोन्ही बाजूंनी गरुड काढायला त्यानं एक पेंटर गाठला. त्या पेंटरची हयात मटणाच्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली होती. पंख पसरलेला गरुड त्यानं मनापासून काढला, पण हाताला जे वळण होतं ते होतं, आणि निघाली ती तुरा नसलेली कोंबडी. माझ्या दुसऱ्या खेपेला मिलिंद सुट्या टाकीवरच्या त्या कोंबडीपुढं उभा राहून मला म्हणाला, "कशी वाटते?" तो गॅरेजात इतके दिवस काढून शुद्ध मराठी विसरला होता, एवढंच त्यातल्या त्यात बरं झालं होतं. मी म्हटलं, "अंडी देते का?" करीम मिस्त्री मान खाली घालून हसले. मग मला हळूच म्हणाले, "लडका अच्छा है. पन उसकू इंजन से जादा पेंट की फिकर है."

या महिन्यात मायचं काय चाललं होतं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. ती चालत होती. सकाळच्या एस्टीनं उपकेंद्रावर, तिथून पायी वाड्यांवर. एका वाडीवरून निरोप आला तेव्हा ती नेमकी दुसऱ्या टोकाच्या तांड्यावर लस टोचत होती. तिथून काळ्या मातीतून चालत, शेवटी धावत ती पोचली तेव्हा बाळंतीण मोकळी झाली होती आणि बाळ रडलं नव्हतं. माय त्या रात्री जेवली नाही. वाडीच्या लोकांनी वर तक्रार केली, नर्सबाई वेळेवर येत नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून लेखी ताकीद दिली आणि तोंडी सांगितलं की पुन्हा असं झालं तर बदली थेट किनवटच्या जंगलाकडं. हे आम्हाला बाबांकडून कळलं. माय किनवटला गेली असती तर घर मोडलं असतं. बाबांची ड्यूटी इकडं, मिलिंदचं कॉलेज इकडं, आणि मला तिच्याबरोबर भाकरी थापायला पाठवलं असतं, अकरावी सोडून. ते मला ठाऊक होतं. म्हणून त्या गाडीची मी मायपेक्षा जास्त वाट बघत होते.

गाडी आली. आवाज आधी आला. सायलेन्सरच्या आतली जाळी मिलिंदनं काढून टाकली होती, त्यामुळं गिरणीचा पट्टासुद्धा ऐकू येईना. गल्लीतली पोरं जमली. मिलिंद उंच हँडलाला लोंबकळत आला, दोन्ही हात वर, पोलिसांनी पकडल्यावर करतात तसे. पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाचा पट्टा, कारण अर्धं मडगार्ड लातूरला राहिलं होतं. माय पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. कोंबडी बघितली. मागं आली, उघड्या चाकाकडं बघितलं, त्या एवढ्याशा सीटकडं बघितलं आणि विचारलं, "मी कुठं बसू?"

मिलिंद वळून त्या सीटकडं बघायला लागला. त्याच्या तोंडाकडं बघून मला कळलं की महिनाभरात हा प्रश्न त्याच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. गाडी कुणाची, कशासाठी, मागं रोज कोण बसतं, काही नाही. करीम मिस्त्रींनी इंजिनातला गोंद काढला होता, पण याच्या डोक्यातला कोण काढणार, असं मी तिथल्या तिथं म्हणाले आणि बाबांनी मला शाबासकी दिली. जुनी सीट कुठं आहे म्हणून विचारलं तर ती गॅरेजात मिस्त्री दुपारी डोक्याखाली घेतात म्हणाला. "उद्या जाऊन आणतो." तो उद्या आठवडाभर उजाडला नाही. रोज सकाळी मायला एस्टी स्टँडपर्यंत चालत जाताना बघून हा किक मारायचा आणि कॉलेजच्या फाटकापुढं फेऱ्या घालायचा. कंधारमध्ये त्याला कोंबडीवाला हे नाव पडलं ते अजून निघालेलं नाही.

आज माझ्या खिडकीखालून नांदेडची पोरं तसल्याच गाड्या उडवतात. फटाक्यासारखा आवाज, चाकाला निळे दिवे, सीट एवढी उंच की मागं बसणारी पोरगी झाडावर चढल्यासारखी दिसते. ते त्याला मॉडिफाय म्हणतात. मी गॅलरीत उभी राहून त्यांना शिव्या घालते आणि शेजारणी म्हणतात, मॅडमचा स्वभावच तापट. तापट नव्हे बाई. मी हे सगळं आधी बघितलेलं आहे, आणि कोंबडीसकट बघितलेलं आहे.

गाडी येऊन आठवडा झाला, त्या दिवशी आठवडी बाजार होता. मी वंदनाबरोबर बाजारात होते. वंदना माझी वर्गमैत्रीण, कापडदुकानदाराची मुलगी. तिच्या घरी फ्रीज होता आणि तिच्या आईच्या बोलण्यात एकही 'हाय' नसायचा. मीही वंदनापुढं 'आहे' म्हणायची, मिलिंदला त्यावरून इतकं छळलं होतं तरी. माझी आई आरोग्य खात्यात आहे, एवढंच मी तिला सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. आम्ही बांगड्यांच्या दुकानापुढं उभ्या होतो, आणखी दोघी मुली बरोबर होत्या, आणि वंदना हिरव्या काचेच्या घालू की लाल, असं मला विचारत होती.

त्या वेळी घरी काय घडलं ते बाबांनी नंतर सांगितलं. एका वाडीवरून माणूस सायकल मारत आला. सून अडली होती, पहिलटकरीण, बाळ पायाळू, एक पाय बाहेर आलेला. ही तीच वाडी होती जिथून तक्रार गेली होती. मायनं स्टोव्हवरच्या उकळत्या सिरिंजा फडक्यात घेतल्या, पेटी उचलली आणि बाहेर येऊन मिलिंदला म्हणाली, "चल."

"कुठं बसशील, माय?"

"टाकीवर."

बाबा म्हणाले, "आगं, बाजार हाय. सगळा गाव बघंल. मी कुणाची तरी जीप बघतो."

"बघा तुमी जीप," माय म्हणाली आणि टाकीवर चढून बसली.

वाडीचा रस्ता बाजारातूनच जातो. आम्हाला आधी तो आवाज ऐकू आला. मग भाजीवाल्यांच्या रांगेतून लोक दोन्हीकडं सरकले आणि मधून गाडी आली. मिलिंदचे दोन्ही हात वर हँडलाला, आणि त्या हातांच्या मधल्या जागेत टाकीवर माय, एका बाजूला पाय सोडून, पांढरी साडी गुडघ्याशी मुठीत धरलेली, मांडीवर पेटी. गर्दीमुळं गाडी माणसाच्या चालीनं चालली होती, त्यामुळं बघायला कुणाची घाई होत नव्हती. कुणीतरी शिट्टी मारली. "नर्सबाईची वरात रे!" कांदेवाला ओरडला. "नवरदेव मागं बसला का पुढं?" हशा पिकला. एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, "पोराच्या मांडीत बसून चालली, लाज न्हाई." मिलिंदचं तोंड लालबुंद झालं होतं, कपाळाच्या शिरा फुगल्या होत्या, पण तो समोर बघत होता आणि ओरडत होता, "सरका, बाई अडली हाय, सरका!" माय मात्र दोन्हीकडं बघत होती, नेहमी बाजारातून चालत जाताना बघायची तशी.

तिनं मला बघितलं. आमच्यात एका हातगाडीचं अंतर असेल. तिचं तोंड उजळलं आणि तिनं साडीवरचा हात काढून वर केला.

मी बांगड्यांकडं बघितलं.

"अगं," वंदना हसू दाबत म्हणाली, "ती तुझी आई ना? संमेलनाला आली होती ती?"

"नाही गं," मी म्हटलं. "आमच्या गल्लीतली नर्स आहे ती. माझी आई अशी बसेल का?"

मग सगळ्या हसल्या. मीही हसले. मला हसायला चांगलं येत होतं. गाडी पुढं गेली, आवाज लांब गेला, आणि वंदनानं लाल बांगड्या घेतल्या.

माय दिवस मावळताना परत आली. टाकीवरच बसून आली, आणि उतरताना तिला मिलिंदनं धरावं लागलं, पाय इतके आखडले होते. मुलगी झाली होती. निळी पडली होती, पण मायनं तिला पाय धरून उलटं धरलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडानं श्वास भरला आणि ती रडली. बाळंतीण बरी होती. तक्रार करणाऱ्यांत जो सासरा पुढं होता त्यानंच निघताना मायच्या पेटीत भुईमुगाच्या शेंगा भरल्या. माय हात कोपरापर्यंत धुऊन आत आली. त्या दिवशी भाकरी मी केल्या होत्या, अंबाडीची भाजी केली होती, लसणाची चरचरीत फोडणी दिली होती. इतकं काम मी आपण होऊन कधी केलं नव्हतं. मिलिंद ओट्यावर बसून त्या बाळाच्या रडण्याचा आवाज काढून दाखवत होता आणि बाबा प्रथमच त्या गाडीला टेकून उभे होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस्टीनं मिलिंद लातूरला गेला आणि मिस्त्रींच्या डोक्याखालची सीट घेऊन आला. मायची बदली झाली नाही. मी अकरावी झाले, बारावी झाले, डी.एड. झाले, शिक्षिका झाले.

पण त्या संध्याकाळी माय जेवायला बसली, पहिला घास तोंडात घातला आणि मला म्हणाली, "सुजे, बांगडीवाल्यापुढं उभी होतीस का गं तू?"

"न्हाई," मी म्हटलं. "मी वंदनाच्या घरी होते. अभ्यास करत होतो आम्ही."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. भाजीत भाकरी बुडवली. "आसं होय," ती म्हणाली. "मग दुसरीच कुणाची पोरगी आसंल. लोक हसून राहिले होते ना, मला आपलं वाटलं, घरचं माणूस दिसलं. म्हणून हात केला मी."

माय जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मिलिंद लातूरला असतो, डोक्यावर केस नाहीत, स्कूटी चालवतो. घरात काही कार्य निघालं की तो ही गोष्ट नातवंडांना सांगतो, हातवारे करून, कोंबडीसकट, स्वतःला सगळ्यात जास्त हसत. पोरं लोळून लोळून हसतात, मग शेवटी गप्प होतात, कारण शेवटी बाळ रडतं. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या धाकट्या नातीनं मला विचारलं, "आजी, तेव्हा तू कुठं होतीस?"

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. त्या दिवशी बाजारात तो सारा वेळ समोर बघून गाडी चालवत होता, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"वंदनाच्या घरी," मी म्हटलं.